‘स्लीपर्स’: चार मित्रांचा खटला आणि जबाब भलत्याचाच

‘स्लीपर्स’ 1996 चा पिक्चर. दिग्दर्शक बॅरी लेव्हिन्सन. रॉबर्ट डी निरो, डस्टिन हॉफमन, ब्रॅड पिट, केव्हिन बेकन, जेसन पॅट्रिक. नुसती नावांची पाटी वाचून माणूस तिकीट काढेल. मी घरीच पाहिला, भाच्याने टीव्हीवर भाड्याने लावून दिला. जवळजवळ अडीच तासांचा आहे. मत आधीच सांगून टाकते: पहिला अर्धा अव्वल, दुसरा अर्धा चलाख.

चलाख म्हणतेय ते जपून. माझी उभी नोकरी जिल्हा कोर्टात स्टेनो म्हणून गेली. साहेब वर, साक्षीदार पिंजऱ्यात, मी खाली मशीनपाशी, आणि जे बोललं जाईल ते कागदावर. म्हणून कोर्टाचे पिक्चर मी शक्यतो टाळतेच. वकील पिंजऱ्याभोवती फेऱ्या मारतात, साक्षीदाराच्या नाकाला नाक लावून ओरडतात, साहेब हातोडा आपटत बसतात. तो हातोडा आमच्या कोर्टात मी कधी पाहिलेला नाही. भाचा म्हणाला, “मावशी, हा तसा नाही, हा मित्रांचा आहे.” अर्धं खरं होतं त्याचं.

गोष्ट न्यूयॉर्कच्या हेल्स किचन भागातली, 1960 च्या दशकातली. शेक्स, मायकेल, टॉमी, जॉन ही चार पोरं. चर्चमध्ये फादर बॉबीच्या हाताखाली, गल्लीत किंग बेनी नावाच्या दादाच्या नजरेखाली. घरोघरी मारझोड, आणि तिची कुणाला लाज नाही. लेव्हिन्सनने हा मोहल्ला घाई न करता दाखवलाय: गच्चीवर पहुडलेली पोरं, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्या, घामेजलेला उन्हाळा. दंगा करणारी पोरं आहेत, गुन्हेगार नव्हेत, हे तुम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

मग ती हॉट डॉगची गाडी. एकाने फुकट खाऊन पळायचं, गाडीवाला मागे धावला की बाकीच्यांनी गाडीवर हात मारायचा, एवढीच मस्ती. पण ती गाडी भुयारी रेल्वेच्या जिन्याच्या तोंडाशी नेऊन टेकवायची, गाडीवाला येईस्तोवर कशीबशी धरून ठेवायची, हे कुणाच्या तरी डोक्यात येतं. इथे दिग्दर्शक पोरांच्या हातांवर थांबतो. लोखंडाचं वजन, ताणलेले दंड, एकमेकांकडे बघणं, आणि मग वजन पेलवत नाही. गाडी जिन्यावरून सुटते आणि खालून येणाऱ्या एका माणसावर जाते. हातून काहीतरी सुटलंय आणि आता ते कुणाच्याच हातात नाही, हे त्या चार चेहऱ्यांवर एकदम उतरतं. बालकलाकारांची निवड उत्तम. त्यातला ब्रॅड रेन्फ्रो, म्हणजे लहानपणीचा मायकेल, मोठ्या ब्रॅड पिटपेक्षा मला जास्त पटला.

चौघांची रवानगी विल्किन्सन नावाच्या मुलांच्या सुधारगृहात होते. तिथला रखवालदार शॉन नोक्स, म्हणजे केव्हिन बेकन. या माणसाने जे काम केलंय ते बघवत नाही, आणि तीच त्याची शाबासकी. डोळे वटारत नाही, गुरकावत नाही. हा आपला ड्युटीवर आलेला माणूस. किल्ल्यांचा जुडगा, इस्त्रीचा गणवेश, हसून पोराचं नाव घेणं. पोरांना आता काय होणार हे त्याच्या हसण्यावरून कळतं आणि आपल्यालाही कळतं. त्याचे तीन साथीदार आहेत, पैकी फर्ग्युसन हे नाव लक्षात ठेवा.

पोरांवरचा लैंगिक अत्याचार पडद्यावर उघडावाघडा दाखवलेला नाही. कॅमेरा नेमक्या वेळी बाजूला होतो, कानावर मात्र पडत राहतं. हे दिग्दर्शकाचं शहाणपण. नाहीतर अशा विषयात दाखवण्याच्या नावाखाली बघणाऱ्याचेच चोचले पुरवले जातात. एक फुटबॉलचा सामना आहे, अमेरिकन पद्धतीचा, रखवालदार विरुद्ध पोरं. पोरं जिंकतात. त्या जिंकण्याची किंमत रिझो नावाच्या काळ्या मुलाला जिवाने मोजावी लागते, आणि घरच्यांना आजाराने गेला असं कळवलं जातं. त्या सामन्यातला आनंद खरा आहे म्हणून पुढचं जास्त लागतं. मी तिथे थांबवून चहा करून आले.

फादर बॉबी पोराला भेटायला येतो तो प्रसंग छोटा आहे. समोर विश्वासाचा माणूस बसलाय, आणि पोरगं बोलत नाही. का बोलत नाही, याचं उत्तर पिक्चर देत नाही, द्यायची गरजही नाही. पिंजऱ्यात उभ्या राहिलेल्या मुलांना मी पाहिलंय. त्यांना बोलायचं नसतं असं नव्हे. आपण बोललो की समोरच्याचा चेहरा बदलणार, हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं.

इथपर्यंत पिक्चर माझ्या लेखी पाचपैकी पाच.

आता पुढचं सांगताना गोष्ट उघडी पडणार आहे. ज्यांना नको त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद गाठावा.

बरीच वर्षं जातात. जॉन आणि टॉमी आता पक्के गुंड, मायकेल सरकारी वकील, शेक्स वर्तमानपत्रात. एका रात्री जॉन आणि टॉमीला एका बारमध्ये नोक्स जेवताना दिसतो. ते त्याच्यासमोर जाऊन बसतात, आपण कोण ते त्याला ओळखायला लावतात, आणि चारचौघांत गोळ्या घालतात. खटला उभा राहतो. आणि इथे पिक्चरची गंमत: मायकेल ही केस मागून घेतो, ती हरण्यासाठी. आरोपीचा वकील डॅनी स्नायडर, म्हणजे हॉफमन, हा दारुडा. त्याला प्रश्नही मायकेलच लिहून देतो, उत्तरंही. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या हातात. उरलेल्या रखवालदारांचा हिशोब बाहेर परस्पर चुकता होतो, त्यातल्या एकाचा रिझोच्या भावाकडून.

आखणी म्हणून डोकं लावलंय, नाही म्हणत नाही. पण कोर्ट बघून मला राहवेना. सरकार पक्ष फर्ग्युसनला बोलावतो कशासाठी, तर मयत नोक्स किती भला माणूस होता हे सांगायला. आमच्या साहेबांनी पहिल्याच प्रश्नाला चष्मा काढून विचारलं असतं, “मयताच्या चारित्र्याचा इथे संबंध काय?” खुनाच्या खटल्यात मयत सज्जन होता की दुर्जन, याने गोळी कोणी घातली ते ठरत नाही. पण ते सोडून देऊ, नाहीतर पिक्चरच होणार नाही. स्नायडर उलटतपासणीला उठतो, चार-पाच प्रश्न घालतो, आणि फर्ग्युसन ढसाढसा रडत सगळं कबूल करतो.

असं होत नसतं हो. माणूस सहसा रडून फुटत नाही, तपशिलात फुटतो. दिवा कुठल्या बाजूला होता? कडी आतून होती का बाहेरून? त्या दिवशी तुमची पाळी कितीची? मोठा प्रश्न माणूस झटकून टाकतो, बारीकसा प्रश्न त्याला पकडतो. आणि कागदावर तर रडणं येतच नाही. आमच्याकडे साक्ष लिहितात ती बहुतेक वेळा प्रश्न गाळून, साक्षीदाराच्याच तोंडी. वकिलाने दरडावून विचारलं, “तुम्ही खोटं बोलताय ना?” तर कागदावर येतं, “मी खोटी साक्ष देत आहे, हे म्हणणे खरे नाही.” साक्षीदार मिनिटभर गप्प राहिला, तर साहेबांनी मुद्दाम नोंद घ्यायला सांगितल्याशिवाय ते मिनिट कुठेच राहत नाही. शेवटी “वाचून दाखविले, बरोबर आहे” आणि खाली सही. मी हजारो पानं अशी काढली. मला विचाराल तर खटल्याचं खरं नाट्य त्या न लिहिलेल्या मिनिटात असतं. ते या पिक्चरला पहिल्या अर्ध्या भागात माहीत होतं, कोर्टात शिरल्यावर तो विसरला.

तरी माझी खरी तक्रार कायद्याच्या बारकाव्यांची नाहीच. सबंध खटल्यात त्या चौघांपैकी एकाचाही जबाब कोर्टाच्या कागदावर येत नाही. जॉन आणि टॉमी आरोपीच्या जागी गप्प. मायकेल सरकारी बाजूने उभा, म्हणजे त्याला बोलताच येत नाही. शेक्स प्रेक्षकांत. सुधारगृहात काय झालं हे भर कोर्टात कोण सांगतं, तर ज्याने केलं तो. सोसणाऱ्यांची बाजू करणाऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायची, हा पिक्चरला विजय वाटतो. संगीतही तसंच चढतं. मला ते बघताना चैन पडेना. एवढा खटाटोप केला, चार माणसांची आयुष्यं पणाला लावली, आणि “हे माझ्याबाबतीत झालं” हे एक वाक्य कोणाच्या सहीने उरलं नाही.

आणि दिग्दर्शकाला हे कळत नव्हतं असंही म्हणवत नाही, कारण त्याने मध्येच एक प्रसंग ठेवलाय. आरोपींच्या बाजूने खोटी साक्ष द्या, असं शेक्सला फादर बॉबीला सांगायचंय. त्यासाठी विल्किन्सनमध्ये काय झालं तेही सांगणं भाग आहे. खोलीत कॅरल नावाची त्यांची बालमैत्रीणही आहे. शेक्स बोलू लागतो आणि कॅमेरा त्याला सोडून डी निरोच्या चेहऱ्यावर जातो आणि तिथेच राहतो. डी निरो काही करत नाही. भुवई उडवत नाही, देवाचं नाव घेत नाही. आधी नुसता ऐकणारा माणूस, मग हळूहळू, डोळ्यांखालून, तो भेटीचा दिवस आठवणारा माणूस. ते पोरगं समोर बसलं होतं आणि आपण गप्पा मारून परत आलो, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं दिसतं. अख्ख्या पिक्चरमधला खरा जबाब तो, आणि तो चार भिंतींत, कुठल्याही नोंदीशिवाय. एवढ्या एका प्रसंगासाठी बाकीचा सगळा चलाखपणा मी माफ करायला तयार आहे.

पुढे फादर बायबलवर हात ठेवतो आणि आरोपी त्या रात्री आपल्याबरोबर बास्केटबॉलच्या सामन्याला होते असं शपथेवर खोटं सांगतो, वर तिकिटांचे तुकडे दाखवतो. डी निरो इथेही उत्तम. ज्युरी, म्हणजे निकाल द्यायला बसवलेली साधी माणसं, आरोपींना निर्दोष सोडते. आपल्याकडे ज्युरीचं नाव काढलं की नानावटी आठवतो, बायकोच्या प्रियकराला गोळ्या घालणारा नौदलातला अधिकारी. 1959 ची मुंबईतली केस, ज्युरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा कौल दिला, न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. सहानुभूती आणि पुरावा यांची गाठ पडली की काय होतं, ते तिथे अख्ख्या शहराने पाहिलं. या पिक्चरमधल्या ज्युरीने मात्र सहानुभूती दाखवली आणि लेखकाने त्यांना हायकोर्ट दिलं नाही.

पिक्चर लॉरेन्झो कार्काटेरा याच्या 1995 च्या पुस्तकावरून घेतलाय. हे सगळं आपल्यासोबत घडलं, नावं तेवढी बदलली, असं त्याचं म्हणणं. पुस्तक आलं तसा वाद पेटला. असा खटला आमच्याकडे झालेलाच नाही, असं मॅनहॅटनच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयाने सांगितलं, आणि त्याच्या शाळेच्या बाजूनेही आक्षेप आले. लेखक आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला. पिक्चरच्या शेवटी या नकाराच्या पाट्या येतात, त्या बंद करू नका, वाचा. खरं की खोटं हा निकाल मी देणार नाही, ते माझं काम कधीच नव्हतं. पण कोर्टाचा भाग रचलेला वाटतो आणि सुधारगृहाचा भाग वाटत नाही, एवढं बघणारी म्हणून नक्की सांगू शकते.

सुधारगृहात असं होऊ शकतं का, हा प्रश्न तर या वादावर अवलंबूनच नाही. फ्लोरिडात मारियाना गावी डोझिअर नावाची मुलांची सुधारशाळा होती. 1900 ते 2011, शंभराहून जास्त वर्षं चालली. तिथे एक छोटी पांढरी इमारत होती, मुलांना नेऊन झोडपायची. त्यातून जगलेली मुलं म्हातारपणी एकमेकांना शोधत एकत्र आली, स्वतःला ‘व्हाइट हाउस बॉइज’ म्हणवून घेऊन 2008 साली जाहीरपणे बोलू लागली. साठी-सत्तरीची माणसं, आयुष्यभर बायकोलाही न सांगितलेलं सांगणारी. शाळेच्या स्मशानात क्रूस होते 31. साउथ फ्लोरिडा विद्यापीठाच्या पथकाने एरिन किमर्ले यांच्या देखरेखीखाली खोदकाम केलं तेव्हा कबरी निघाल्या 55. राज्याच्या विधिमंडळाने माफी मागितली 2017 साली, भरपाईसाठी दोन कोटी डॉलर मंजूर झाले 2024 साली. यात ना गोळीबार, ना खोटी तिकिटं. म्हाताऱ्या मित्रांनी आपापल्या नावाने, आपापल्या सहीने सांगितलं. यावर नीट थरारपट निघाला तर मी पहिल्या दिवशी जाईन.

न्यूयॉर्कच्या कायद्यातही त्या चौघांना दार नव्हतंच, हे दिग्दर्शकाच्या बाजूने म्हटलं पाहिजे. लहानपणी झालेल्या अत्याचाराची दाद मागायची मुदत तिथे साधारण वयाच्या 23 व्या वर्षापर्यंत संपायची. 2019 च्या कायद्याने ती वाढवली, दिवाणी दावा 55 व्या वर्षापर्यंत लावता येईल अशी सोय केली, आणि मुदत टळून गेलेल्या जुन्या प्रकरणांसाठीही काही काळ खिडकी उघडली. पिक्चरमधले चौघे 1980 च्या आसपास तिशीच्या उंबरठ्यावर आहेत. कायदा त्यांना म्हणणार, उशीर झाला. म्हणून बंदूक, हे मला पटत नाही, पण कुठून आलं ते समजतं.

आणि आपण फार वर बसून बघायचं कारण नाही. पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, आला 2012 साली. त्याआधी मुलग्यावर अत्याचार झाला तर बलात्काराचं कलमच लागत नव्हतं, भारतीय दंड संहितेच्या कलम 377 खाली, म्हणजे ‘अनैसर्गिक संभोगा’च्या कलमाखाली, बसवावं लागे. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची 2007 ची पाहणी आहे, 13 राज्यांतली, त्यात महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही. लैंगिक अत्याचार सोसल्याचं 53 टक्क्यांहून जास्त मुलांनी सांगितलं, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. पोक्सोच्या खटल्यात वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही, तो साहेबांना सांगायचा आणि साहेबांनी मुलाला विचारायचा. मूल आणि आरोपी समोरासमोर येऊ द्यायचे नाहीत. विश्वासातलं माणूस जवळ बसू द्यायचं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षांत हे सुरू झालं. पडद्याआडून एक मुलगा हळू आवाजात बोलत होता, इतका हळू की साहेबांनी पंखा बंद करायला लावला. मे महिना होता. कोणी कुरकुर केली नाही.

बाकीचं थोडक्यात. ब्रॅड पिट ठीक, त्याला बहुतेक वेळ गंभीर चेहरा करून उभं राहायचंय. बिली क्रूडप आणि रॉन एल्डार्ड, म्हणजे मोठे टॉमी आणि जॉन, कमी बोलून जास्त सांगतात. त्यांना आणखी जागा हवी होती. किंग बेनी झालेला इटालियन नट व्हित्तोरिओ गासमन नुसता खुर्चीत बसला तरी खोली त्याची होते. हॉफमनचा दारुडा वकील मला आवडला, असे दोघे-तिघे कोर्टातल्या वकिलांच्या बाररूममध्ये मी रोज पाहिलेत, सकाळी अकराला पेपरमिंट चघळत येणारे. मिनी ड्रायव्हरच्या कॅरलवर मात्र अन्याय झालाय. तिने चौघांवर जीव टाकायचा आणि कॉफी करायची, एवढंच. जॉन विल्यम्सचं संगीत ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलं होतं. सुधारगृहात ते अंगावर काटा आणतं, कोर्टात जरा जास्तच हुकूम सोडतं. निवेदन खूप आहे. डोळ्यांना दिसतंय ते पुन्हा कानात कशाला?

घ्यावा का भाड्याने? घ्या. मुलांबरोबर बसून अजिबात नको, आणि ज्यांच्या लहानपणात असं काही आहे त्यांनी आधी ठरवून, सोबतीला कोणी असताना पाहावा. पहिला भाग पडद्यावर काही उघड न दाखवताही आत जातो. एका बैठकीत उरकायचा अट्टहास नको. चौघे मोठे झालेले दिसले की थांबवा, उरलेला दुसऱ्या दिवशी बघा. उपशीर्षकं लावून ठेवा, हेल्स किचनच्या पोरांचं इंग्रजी माझ्या कानाला झेपलं नाही. गुण पाचपैकी साडेतीन. भाचा म्हणतो साडेचार, आणि फादरने खोटी शपथ घेतली ते बरोबरच केलं. त्यावर आमचं अजून चालू आहे.